माणूस की कागद

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात की माझा धागा तुटतो, आणि मी सूतगिरणीतला माणूस, तुटलेला धागा मला चालत नाही.

घ्या, चहा घ्या. तर झालं असं, की माझं ठरत आलेलं लग्न एका डब्याने मोडायला काढलं होतं. काळा पत्र्याचा डबा, वहीएवढा, पुढे हिरवे दिवे लुकलुकणारे. आणि तो कुणा दुश्मनाने बसवला नव्हता हो! मीच बसवला होता. हळदकुंकू वाहून, नारळ फोडून!

थांबा, असं मधूनच सांगितलं तर काही कळायचं नाही.

मी निलेश. शहाद्याकडच्या एका सूतगिरणीत कॉम्प्युटरचं सगळं बघतो. गिरणीचं नाव विचारू नका, अजून तिथेच नोकरी आहे. 'सगळं' म्हणजे काय, तर ज्याला वायर आहे ते सगळं. प्रिंटर अडला, बोलवा निलेशला. कॅमेरा बंद, बोलवा निलेशला. एकदा कॅन्टीनवाले मिक्सर घेऊन आले होते, आणि तोही मी उघडून बसलो होतो.

कारण माझा स्वभावच तसा. मला गप्प बसवत नाही. बसलो तरी पाय हलत असतो. चालू असलेली वस्तू नुसती चालू आहे, हे मला बघवतच नाही. तिच्यात काहीतरी बदलून अजून चांगली चालेल का, हा किडा डोक्यात वळवळायला लागतो. आई म्हणते, "लोकेसना पायले भिंगरी ऱ्हास, तुन्हा हातले शे!"

तर हा डबा. त्याला म्हणायचं गेटवे. आमच्या गिरणीचे फोन आधी तारेवर चालायचे. रस्ता खोदला की तार तुटायची, आणि रस्ता आमच्याकडे कायमच खोदलेला. मग ठरलं, फोन इंटरनेटवरून चालवायचे. डब्याच्या एका बाजूला इंटरनेट, दुसऱ्या बाजूला आपले जुनेच फोन. आणि एक फॅक्स मशीन.

आता तुम्ही म्हणाल, फॅक्स? आजच्या काळात? अहो, मीही हेच म्हणालो होतो! पण आमचे चेअरमन आबा म्हणजे काय माणूस आहे हे तुम्हाला माहीत नाही. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात.

"निलेश, व्हॉट्सअॅपवर धाडेल कोनी बी पुसी टाकस," आबा म्हणाले. "फॅक्स म्हंजे कागद. कागद हातमा ऱ्हास."

पुढे काय बोलणार? इचलकरंजीकडचा एक जुना व्यापारीही आबांच्याच पठडीतला. त्याची ऑर्डर सही-शिक्क्यासकट फॅक्सवरच यायची.

ठीक. डब्यात प्रत्येक फोनचं एक चॅनेल असतं. डब्याला आधी सांगून ठेवावं लागतं की बाबा, हे चॅनेल बोलण्याचं आणि हे फॅक्सचं. का? तर बोलण्याचा आवाज डबा थोडा कापतो-छाटतो, म्हणजे इंटरनेटवरून तो पटकन जातो. माणसाला ते कळत नाही. फॅक्सची मात्र आवाजातली एवढीशी चिमूट हरवली तरी पान बिघडतं. म्हणून दोघांची वाट वेगळी. मी तसंच लावून दिलं, बोलायला एक नंबर आणि फॅक्सला दुसरा. छान चाललं होतं.

इथेच मी हात खिशात घालून घरी गेलो असतो, तर आज हा किस्सा झालाच नसता!

पण व्यापाऱ्याला जुनाच नंबर पाठ. तो फॅक्स लावायचा थेट बोलण्याच्या नंबरवर. तो उचलायच्या आमच्या ऑपरेटर शोभाताई. पलीकडून फॅक्स मशीन 'टूं… टूं…' करतंय आणि अलीकडून शोभाताई 'हॅलो, कोन बोलस? हॅलो!' करताहेत. दोघंही हट्टी. कुणी फोन ठेवेना.

आबांनी ते पाहिलं. "निलेश, हाऊ काय तमाशा शे? शोभा कागदले हॅलो हॅलो करी ऱ्हायनी! हाई बघ, नंबर एकच पाहिजे. बोलनाराले बी तोच, कागदले बी तोच. जमी का?"

"जमी ना, आबा!"

जमी ना! माझ्या तोंडातून हे 'जमेल की' विचाराच्या आधी निघतं.

जमण्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू. डब्यात 'ऑटो' नावाची सोय असते. ती लावली की फोन आला म्हणजे डबा आधी स्वतः उचलतो. गप्प राहतो. पलीकडून काय येतंय ते कान देऊन ऐकतो आणि ठरवतो, हा माणूस की कागद? फॅक्सची बारीक, सरळ शिट्टी ऐकू आली तर फोन फॅक्स मशीनकडे. नाही आली तर शोभाताईंकडे. फॅक्स मशीन मग पलीकडच्या मशीनला ओळख देतं, म्हणजे जोरात किंचाळतं. ते किंचाळणं तुम्ही कधी कानाला लावून ऐकलंय? ऐकू नका.

आणि डब्याचा कान किती तिखट ठेवायचा, हे आपल्या हातात असतं. मी आधी कान मंद ठेवला, तर व्यापाऱ्याचा फॅक्स काही सापडेना. थोडा वाढवला. एक सापडला, एक निसटला. अजून वाढवला. मग म्हटलं, च्यायला, हे थोडं थोडं काय खेळतोय? केला की कान थेट शेवटच्या टोकाला! इतका तिखट, की नुसता श्वास घेतला तरी डब्याने टवकारावा.

तपासलं नाही का म्हणता? तपासलं ना! मी स्वतः मोबाईलवरून फोन लावला. "हॅलो." माझा आवाज बऱ्यापैकी जाड. फोन शोभाताईंकडे गेला. गेटवरच्या वॉचमनला लावायला सांगितला. तो तर तंबाखूचा बार भरूनच बोलतो. तोही गेला. गोडाऊनवाला, फिटर, कॅन्टीनवाला, सगळ्यांचे फोन माणसासारखे गेले. फॅक्सचे फॅक्सला गेले. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी आठवडाभर त्या खांद्यावर बॅगसुद्धा लटकवली नाही.

आता घराकडे वळतो. कारण इकडे डबा चालू आणि तिकडे माझं स्थळ चालू.

आमच्या तापीकाठच्या घरांत मुलगी बघायच्या आधी चौकशी होते. शेती किती, पाणी किती हे विचारतातच, पण पहिला प्रश्न असतो, नोकरी आहे का? आणि आहे म्हणतोय तर खरंच आहे का? हल्ली या नोकरीच्या बाबतीत लोक फार फसलेत, त्यामुळे कुणी कुणावर विश्वास ठेवत नाही. माझा बायोडाटा लिहिला रमणमामांनी. मोबाईल नंबर मी सांगायला गेलो, तर मामांनी पेनच उचललं.

"मोबाईल काय, कोनी बी उचली लेस. हापिसना नंबर दे. लोके हापिसमा फोन करतस, तठेथीन कोनी सांगं का 'हाव, निलेशभाऊ आठेच शेतस', का व्हयनं पक्कं!"

दिला. गिरणीचा तोच नंबर. बोलनाराले बी तोच आणि कागदले बी तोच.

स्थळ होतं सारंगखेड्याचं. मुलगी कल्याणी, खांडबाऱ्याच्या शाळेत शिक्षिका. मी फक्त फोटो पाहिला होता. फोटोत ती हसत नव्हती. कुणीतरी 'हलू नकोस' म्हटल्यावर आतल्या आत वैतागलेलं माणूस कसं दिसतं, तशी दिसत होती. मला वाटलं, अरे, हिलाही माझ्यासारखं गप्प बसवत नाही वाटतं! तुम्हाला खरं सांगतो, तो फोटो पाहिल्यापासून मला दुसरं काही सुचेना. याआधीची स्थळं आली नि गेली, मला काही वाटलं नव्हतं. हे जाऊ नये असं फार वाटत होतं.

आणि मामा म्हणाले होते, "एक-दोन दिवसमा त्या हापिसमा फोन करतीन."

झालं! माझी झोप उडाली. मी दर थोड्या वेळाने शोभाताईंच्या टेबलाकडे चक्कर मारायला लागलो.

"ताई, कुणाचा फोन?"

"नही, भाऊ."

परत चक्कर. "ताई, सारंगखेड्याहून?"

"नही ना, भाऊ! तू बठ ना एक जागे! मन्हं डोकं गरगर करी ऱ्हायनं." मग त्यांना काहीतरी आठवलं. "आनि हाई आयक. मन्ही बहीण म्हने, तुन्हा हापिसमा फोन लावा का कान फाटस. काय भानगड शे?"

"तिचा मोबाईल बिघडला असेल, ताई," मी म्हणालो.

बघा! देवाने खूण दिली होती. मी ती मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे पाठवली.

फोन काही येईना. फॅक्स मशीन मात्र जोरात चाललेलं. एकामागून एक कागद बाहेर येत होता, आणि प्रत्येकावर मशीनचा तोच शेरा, 'समोरून प्रतिसाद नाही'. म्हणजे फॅक्स आला म्हणून मशीन उठलं, ओरडलं, पण पलीकडून पान आलंच नाही. आबा वैतागले. "व्यापारीनी ऑर्डर धाडी व्हयी नि तुन्हा डबडानी खाई टाकी!"

मी डोकं लावलं. फॅक्स येताहेत पण अर्धवट पकडले जाताहेत, म्हणजे डब्याचा कान अजून कमी पडतोय. टोकाच्याही पुढे न्यायला एक वेगळी जागा होती, आत दडवलेली. तिच्यावर लिहिलेलं होतं, गरज नसेल तर हात लावू नका. आता असं लिहिल्यावर मला दम निघतो का? लावला हात!

आता एक सांगतो, कप खाली ठेवा. ते शेऱ्याचे कागद म्हणजे फॅक्स नव्हतेच. त्या माझ्या होणाऱ्या सासूबाई होत्या.

मला तेव्हा काय ठाऊक! मला कळलं मामांच्या फोनने.

"निल्या! तू काय करी ठेवं रे तठे?"

"काय व्हयनं, मामा?"

"आरे, सारंगखेडानी बाई सकायथीन फोन लाई ऱ्हायनी. तुन्हा हापिसमाथीन कोनी बोलतच नही, नुसतं किंचाळस! बाई इतली घाबरनी का मोबाईल घंगाळमा पडी गया!"

"घंगाळमा?"

"पानीना घंगाळमा! मंग पोरीना बापनी, भटूतात्यानी सोता लावा, सोतना मोबाईलवरथीन. घोडीपान उभा ऱ्हाईसन लावा. त्यासले बी किंचाळनं! आते त्या म्हनतस, नंबर खोटा शे, पोऱ्या नोकरी करतच नही!"

"मामा, मी आठेच बठेल शे! नोकरीच करी ऱ्हायनू!"

"माले काय सांगस? त्यासले सांग!"

मी लगेच मोबाईल काढून गिरणीचा नंबर लावला. "हॅलो." माणूस! सरळ शोभाताईंकडे. वॉचमनकडून लावून घेतला. माणूस! परत लावला. परत माणूस! मग किंचाळणं कुठून आलं? माझ्या तल्लख डोक्याने निकाल दिला. मधे फॅक्ससाठी वेगळा दिलेला दुसरा नंबर अजून चालू होता, तोच त्यांनी लावला असणार.

मी मामांना म्हणालो, "मामा, नंबर बरोबर शे. त्यासले सांगा, आकडा देखीसन दाबा."

मला वाटलं, मामा हे जरा गोड करून सांगतील. मामांनी शब्दाला शब्द कळवला! आता ज्या घरात सोसायटीचे सगळे व्यवहार तात्या मोबाईलवर बघतात, त्या घराला मी निरोप धाडला होता की बाबांनो, आकडे बघून दाबा. उलट निरोप काय आला असेल? "पोऱ्यानी अक्कल लई शे. तिले घरमाच ठेव म्हना."

तशातच आबा नंदुरबारला गेले, व्याह्यांच्या मिरचीच्या पथारीवर. मैलभर लाल मिरची वाळत घातलेली. तिथून त्यांनी सहज गिरणीत फोन लावला. डब्याने उचलला, गप्प राहिला. आबांनी 'हॅलो' म्हणायला तोंड उघडलं आणि मिरचीच्या त्या उग्र वासाने आली एक शिंक. बारीक, लांब, नाकातून. डब्याने लगेच ठरवलं, कागद!

आबा परत आले ते लालभडक डोळ्यांनी. मिरचीने की रागाने, मी विचारलं नाही.

"निलेश, मी चेअरमन शे का नही?"

"शेतस ना, आबा."

"मंग मन्हीच गिरणी मन्हावर काबर वरडस?"

"तिकडे रेंज नसेल, आबा," मी म्हणालो. आणि खुर्चीत बसून परत तीच सेटिंग उघडली. बदलायला काही उरलंच नव्हतं, तरी उघडली. काय करणार, हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

मला तिथे बसवेना. अर्धा दिवस टाकला, मामांना मोटरसायकलवर मागे बसवलं आणि निघालो सारंगखेड्याला. मामा वाटभर मला समजावत होते. "तू बोलू नको. मी बोलस. तू फक्त बठ." हे मला सांगत होते. बठ!

यात्रेचे, घोडेबाजाराचे दिवस. तापीच्या पुलापासूनच गर्दी. ट्रक भरभरून घोडे उतरत होते. खिंकाळण्याचा, ढोलाचा, पाळण्यांच्या भोंग्यांचा नुसता गदारोळ. तात्यांच्या अंगणातही पांढरी घोडी बांधलेली, गळ्यात घुंगरांचा पट्टा. तात्या म्हणजे मोठ्या मिशांचा धिप्पाड माणूस. आम्हाला पाहून 'बठा' म्हणाले, पण ते पाहुण्याला म्हणतात तसं नव्हतं. सरपंच तक्रारदाराला म्हणतो तसं होतं.

मी ठेवणीतली मराठी काढली. "नमस्कार तात्या. थोडा गैरसमज झाला आहे, असे मला वाटते."

मामांनी माझ्या पायावर पाय ठेवला. तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोन उनं व्हो?"

आणि मी उडालो! तो आवाज! बारीक, सरळ, न तुटणारा. दारातून निघून अंगण ओलांडून, माझ्या कानातून आरपार पलीकडच्या वाड्यापर्यंत गेला. मी हा आवाज ओळखत होतो. मी रोज हाच आवाज पकडायच्या मागे लागलो होतो! डब्याला मी सांगून ठेवलं होतं, असा आवाज आला रे आला की सोडू नकोस.

माझ्या डोक्यात एकदम सगळे दिवे लागले. शोभाताईंची बहीण. आबांची शिंक. तात्यांनी फोन लावला तो घोडीजवळ उभं राहून, म्हणजे खिंकाळली घोडी आणि फोन गेला फॅक्सला! आणि मी तपासायला बोलावले होते ते सगळे जाड आवाजाचे पुरुष. गिरणीत बारीक आवाजाच्या एकट्या शोभाताई, आणि त्या फोन लावत नाहीत, उचलतात! शिवाय डबा गप्प राहिला की आपला खानदेशी माणूस काय करतो? ठेवून देतो? छे! आवाज चढवतो. आणि चढवला की तो अजूनच बारीक होतो.

सापडलं! सापडलं ना! मला इतका आनंद झाला की मी कुठे बसलोय, कशासाठी बसलोय, सगळं विसरलो. मावशी, म्हणजे कल्याणीची आई, पदर सावरत बाहेर येत होत्या, सोबत चहाचा ट्रे. मी खुर्चीवरून उठलो आणि मोठ्याने म्हणालो,

"मावशी! तुमचा आवाज मशीनसारखा आहे!"

बाहेर यात्रेचा गोंगाट चालूच होता. मामांनी डोळे मिटले. घोडीसुद्धा गवत चावायची थांबली, असं मला अजून वाटतं.

"काय म्हना?" मावशींनी विचारलं. त्याच आवाजात.

"म्हणजे तसं नाही, मावशी! म्हणजे डब्याला तसं वाटतं. डब्याला तुम्ही माणूस वाटत नाही. कागद वाटता!"

"कागद?" तात्या उठले. ते उठले की फार उंच दिसतात.

"मी काय मशीन शे का?" मावशींनी ट्रे खाली ठेवला. "पाव्हना घर उना नि माले कागद म्हनस!"

दाराच्या आत कुणीतरी हातातलं भांडं जोरात ठेवलं. कल्याणी! आता ही आली नाही बाहेर तर ती कधीच येणार नाही, हे मला कळलं. सगळं गेलं. आणि मी गप्प बसलो असतो तर राहिलं असतं, हेही कळलं. पण आता गप्प बसून काय उपयोग? मी खिशातून मोबाईल काढला.

"एक मिनिट, तात्या! मी दाखवतो. डब्याचा दोष आहे, मावशींचा नाही. मी आत्ता गिरणीत फोन लावतो, साधं हॅलो म्हणतो. माझा आवाज जाड आहे, सरळ शोभाताईंकडे जाईल. त्या सांगतील मी नोकरीला आहे. तुमच्या समोर!"

मामा पुटपुटले, "निल्या, बठ."

मी लावला. स्पीकर चालू केला. मोबाईल सगळ्यांच्या मधे धरला. वाजलं. डब्याने उचललं. गप्प राहिला, नेहमीसारखा. तात्या बघताहेत, मावशी बघताहेत, दारात कल्याणीची ओढणी दिसतेय. माझा घसा पार कोरडा पडलेला. मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि म्हणालो,

"हॅलोऽऽ?"

अहो, तो आवाज माझा नव्हताच! आठवीत असताना आवाज फुटला, तेव्हा जे पोर माझ्या घशातून गेलं होतं, ते त्या दिवशी परत आलं होतं. बारीक, चिरका, वर चढत गेलेला.

डब्याने ऐकलं. विचार केला. आणि ठरवलं.

कर्रर्र-पीईईईई!

स्पीकरवर! पूर्ण जोरात! मोबाईल माझ्या हातातून निसटून चहाच्या ट्रेमध्ये पडला. घोडी दोन पायांवर उभी राहिली आणि खिंकाळली, आणि डब्याचं आणि घोडीचं काय संगीत जमलं, काय सांगू! बरं, मशीन काही केल्या थांबेना. चहातूनसुद्धा किंचाळत होतं.

आधी मावशींच्या खांद्याला हिसका बसला. मग दुसरा. मला वाटलं रडताहेत. पण त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"आते कोन कागद शे?" त्या कशाबशा म्हणाल्या. "माले सांगस! तुमना आवाज तं मन्हापेक्षा बी पातळ निंघना!"

तात्या आधी मिशीतल्या मिशीत, मग पोट धरून हसायला लागले. मामांनी डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं, आणि हसणं चालू आहे हे दिसल्यावर तेही सामील झाले. एकटा मी ट्रेमधून मोबाईल काढून पुसत उभा होतो. त्यातून चहा गळत होता.

आणि दारात कल्याणी आली. पहिल्यांदाच समोर पाहत होतो तिला. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, एका जागी उभी राहत नव्हती, चौकटीला धरून हलत होती. आईचा खांदा हलवून ती म्हणाली,

"माय, हाऊ तं आपलाच घरना निंघना!"

तिचाही आवाज तसाच. बारीक. आरपार. मला इतका गोड आवाज आजवर दुसरा कुणाचा लागलेला नाही, हे मी तुम्हाला डब्यावर हात ठेवून सांगतो.

चौकशी तिथेच संपली. तात्या म्हणाले, "पोऱ्या नोकरीलेच शे. बिननोकरीवाला इतलं बिघाडी सकस नही."

दुसऱ्या दिवशी जाऊन मी डब्याचा कान उतरवला. बोलण्याचा नंबर वेगळा, फॅक्सचा वेगळा, पहिल्यासारखं. व्यापाऱ्याकडून मी स्वतः फोन करून नवा नंबर पाठ करून घेतला. पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं ते! आबांनी मात्र माझ्या टेबलावर एक कागद ठेवून दिला होता. 'समोरून प्रतिसाद नाही.' वेळ माझ्याच फोनची. मी त्यांना म्हणालो, आबा, समोरून प्रतिसाद आला. होकार आला! त्यांनी खांद्यावर हात ठेवला, पण यावेळी जरा जपूनच.

लग्न झालं. सगळं छान चाललंय. कल्याणी म्हणते मी अजून गप्प बसत नाही, आणि तीही बसत नाही, त्यामुळे घरात कुणाची तक्रार नाही.

फक्त एकच. मी आजही सारंगखेड्याला फोन लावला की सासूबाई लगेच बोलत नाहीत. उचलतात आणि गप्प राहतात. कान देऊन ऐकतात. मी 'हॅलो' म्हणतो. त्या अजून थोडं ऐकतात, आणि मग सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात,

"जावईबापू, बोलनं शे का कागद धाडना शे?"